विश्लेषण : डिशच्या मेन्यूतले ‘हर्ट्झ’ कोण होते? सिग्नल क्वालिटीशी त्यांचा काय संबंध?

गच्चीवरची डिश वाऱ्याने हलली की एक जण पाना घेऊन वर जातो, दुसरा टीव्हीसमोर बसतो आणि दोघांचे बोलणे मोबाइलवर चालते. पडद्यावरच्या मेन्यूत ‘स्ट्रेंथ’ आणि ‘क्वालिटी’ अशा दोन पट्ट्या दिसतात. त्यांच्या वर ११ हजारांच्या घरातला एखादा आकडा आणि त्यापुढे ‘मेगाहर्ट्झ’ असे लिहिलेले असते. हे एका माणसाचे आडनाव आहे. हाइनरिश हर्ट्झ या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने १८८८ मध्ये जस्ताच्या पत्र्याचे दोन वाकडे आरसे समोरासमोर ठेवून जे जुळवले, तेच डिश लावणारा आजही जुळवत असतो. मोटरवर फिरणारी डिश घरी बसवणाऱ्या हौशी मंडळींना तर त्यांच्या प्रयोगातली एकेक अडचण ओळखीची वाटेल. अवघ्या ३६ वर्षांच्या या आयुष्याची आणि त्यातून आलेल्या डिशच्या शास्त्राची ही ओळख.

हर्ट्झ कोण होते?

हाइनरिश रुडॉल्फ हर्ट्झ यांचा जन्म २२ फेब्रुवारी १८५७ रोजी हॅम्बुर्ग या बंदराच्या शहरात झाला. वडील वकील होते, पुढे शहराच्या सिनेटमध्ये गेले. वडिलांचे घराणे मूळचे ज्यू, पण ख्रिस्ती धर्म स्वीकारलेले. आई एका डॉक्टरची मुलगी. पाच भावंडांत हाइनरिश थोरले. घर सुखवस्तू होते आणि मुलाला कशाचीच कमी नव्हती.

हा मुलगा दोन टोकांच्या गोष्टींत रमायचा. एकीकडे भाषांची आवड इतकी की शाळेत असतानाच अरबी शिकला. दुसरीकडे सुतारकाम आणि लेथ. स्वतःची उपकरणे स्वतः बनवायची सवय त्यांना तेव्हाच लागली. पुढे ते प्राध्यापक झाल्याचे कळल्यावर त्यांना लेथ शिकवणारा कारागीर हळहळला, एक उत्तम कारागीर वाया गेला असे त्याला वाटले, अशी गोष्ट त्यांच्याबद्दल सांगितली जाते. ती तंतोतंत खरी असो वा नसो, हर्ट्झ यांचे यश समजायला ती उपयोगी आहे. त्यांच्या काळात त्यांच्याइतके गणित येणारे इतर होते, त्यांच्याइतका हात चालणारेही होते. दोन्ही एकाच माणसात असणे दुर्मीळ होते.

आधी त्यांनी अभियंता व्हायचे ठरवले होते. फ्रँकफर्ट, ड्रेस्डेन, मग एक वर्ष लष्करी सेवा, मग म्युनिक. म्युनिकला पोहोचल्यावर मन बदलले आणि ते भौतिकशास्त्राकडे वळले. १८७८ मध्ये बर्लिनला हेरमान फॉन हेल्महोल्ट्झ यांच्याकडे आले. तेव्हाच्या जर्मन विज्ञानात हेल्महोल्ट्झ यांच्याएवढा दबदबा दुसऱ्या कोणाचा क्वचितच होता. १८८० मध्ये डॉक्टरेट मिळाली आणि तीन वर्षे त्यांचेच सहायक म्हणून काम केले. १८८३ मध्ये कील आणि १८८५ मध्ये कार्ल्सरूच्या तंत्रविद्यालयात प्राध्यापकपद.

लहरींचे कोडे त्यांच्याकडे कसे आले?

जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६०च्या दशकात गणिताने मांडले होते की वीज आणि चुंबकत्व यांची लहर तयार होऊ शकते, ती प्रकाशाच्या वेगाने जाते आणि प्रकाश स्वतःही अशीच लहर आहे. कागदावर हे देखणे होते. पण अशी लहर कोणी तयार केली नव्हती, पकडली नव्हती. युरोपात, विशेषतः जर्मनीत, अनेकांना ते पटलेले नव्हते. मॅक्सवेल १८७९ मध्ये वारले, तेव्हाही पुरावा हाती नव्हता.

त्याच वर्षी बर्लिनच्या विज्ञान अकादमीने या सिद्धांताच्या एका भागाची प्रयोगाने तपासणी करण्यासाठी बक्षीस जाहीर केले. हेल्महोल्ट्झ यांनी ते काम हर्ट्झ यांनी घ्यावे असे सुचवले. २२ वर्षांच्या हर्ट्झ यांनी हिशेब केला. हाताशी असलेल्या साधनांनी मिळणारा परिणाम इतका सूक्ष्म असेल की तो दिसणारच नाही, असे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी नकार दिला. गुरूंच्या सूचनेला असा हिशेबी नकार देणे सोपे नव्हते. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही, सात वर्षे तसाच पडून राहिला.

१८८६ च्या जुलैमध्ये कार्ल्सरूमध्येच त्यांचे एलिझाबेथ डोल यांच्याशी लग्न झाले. सासरे त्याच संस्थेत भूमिती शिकवत. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत वर्गात दाखवायच्या तारेच्या चपट्या वेटोळ्यांशी काम करताना हर्ट्झ यांना काही विचित्र दिसले. एका वेटोळ्यातून ठिणगी पाडली की जवळच्या, कशालाही न जोडलेल्या दुसऱ्या वेटोळ्याच्या फटीतही ठिणगी पडत होती. अशा ठिणग्या इतरांनीही पाहिल्या होत्या. हर्ट्झ यांना त्यात आपला सात वर्षांपूर्वीचा अडलेला प्रश्न दिसला. वीज फार वेगाने पुढे-मागे झुलत असेल तर जे दिसणार नाही असे वाटले होते, ते दिसू शकेल.

कार्ल्सरूच्या वर्गात काय घडले?

पाठवण्याचे यंत्र म्हणजे मधोमध फट ठेवलेला धातूचा दांडा. फटीत ठिणगी पडली की दांड्यातली वीज अतिशय वेगाने पुढे-मागे झुलते आणि लहर सुटते. पकडण्याचे यंत्र त्याहून साधे : तारेचे कडे, त्यात केसाएवढी फट. लहर पोहोचली की त्या फटीत ठिणगी. ना स्पीकर, ना मीटर. ठिणगी इतकी बारीक की खोली अंधारी करून, डोळे अंधाराला सरावल्यावर, स्क्रूने फट कमीजास्त करत पाहावी लागे. ठिणगी किती लांब पडते, एवढाच सिग्नल मोजायचा उपाय होता. म्हणजे हर्ट्झ यांची ‘क्वालिटी’ची पट्टी मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत होती.

१८८७ मध्ये याच ठिणगीने त्यांना एका आडवाटेवर नेले. पकडणारी फट नीट दिसावी म्हणून ती पेटीत झाकली, तर ठिणगी आखूड झाली. मधे काच ठेवली तरी आखूड, क्वार्ट्झ ठेवले तर नाही. पहिल्या ठिणगीतून येणारा अतिनील प्रकाश दुसऱ्या फटीत ठिणगी पडायला मदत करत होता. प्रकाशविद्युत परिणामाचा हा पहिला शोध. त्याचे स्पष्टीकरण १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी दिले. हर्ट्झ यांनी निरीक्षण नेटके लिहून ठेवले आणि मूळ कामाकडे परतले. एवढी मोठी गोष्ट हाती लागूनही तिच्या मागे न धावण्याचा हा निर्णय आज चकित करतो.

१८८८ च्या सुरुवातीला त्यांनी सुमारे १५ मीटर लांबीच्या व्याख्यानगृहाच्या भिंतीवर जस्ताचा मोठा पत्रा ठोकला. छताला लोंबणारे गॅसचे नळ आणि झुंबरे काढून टाकली. पत्र्यावरून परतणारी लहर आणि समोरून येणारी लहर एकमेकींत मिसळून काही ठिकाणी ठिणगी मोठी, काही ठिकाणी शून्य, असा पट्टा तयार झाला. त्या शून्यांमधले अंतर मोजले की तरंगलांबी मिळते. विजेची लहर हवेतून जाते, हे आता फूटपट्टीने मोजता येत होते.

पण आकडे नीट जुळेनात. तारेतून जाणाऱ्या लहरीचा आणि हवेतल्या लहरीचा वेग वेगळा येत होता. सिद्धांताप्रमाणे दोन्ही सारखे यायला हवे होते. लहर जवळजवळ १० मीटर लांबीची आणि खोली १५ मीटरची. भिंती आणि कडेचे लोखंडी खांब लहरी परतवून गोंधळ घालत होते. मोठ्या दालनात तोच प्रयोग करून वेग सारखेच असल्याचे जिनिव्हाच्या शास्त्रज्ञांनी पुढे, १८९३ मध्ये दाखवले. छपराचा पत्रा, पाण्याची टाकी आणि शेजारच्या इमारतीची भिंत यांच्या मधे सापडलेल्या अँटेनाचे जे होते, तेच हर्ट्झ यांच्या कड्याचे झाले होते.

पहिले आरसे का फसले?

लहर प्रकाशासारखीच असेल तर ती आरशाने एका बिंदूत गोळा करता यायला हवी. हर्ट्झ यांनी तसे करून पाहिले आणि काहीच झाले नाही. कारण नंतर त्यांनीच सांगितले : लहर चार-पाच मीटर किंवा त्याहून लांब, आणि आरसा त्यापुढे चिमुकला. लहरीपेक्षा आरसा लहान असेल तर लहर त्याला जुमानत नाही, वळसा घालून निघून जाते.

मग त्यांनी लहर आखूड केली. पितळेचा दांडा जेमतेम २६ सेंटीमीटरचा घेतला. तरंगलांबी ६६ सेंटीमीटरच्या आसपास आली, म्हणजे आजच्या भाषेत सुमारे ४५० मेगाहर्ट्झ. आरसे जस्ताच्या पत्र्याचे, लाकडी सांगाड्यावर वाकवलेले. उंची दोन मीटर, तोंड १.२ मीटर, आकार पॅराबोलाचा, म्हणजे शाळेच्या भूमितीतल्या अन्वस्ताचा. या आकाराचा गुण असा की समोरून सरळ येणारे सगळे काही तो एकाच नाभीत आणून सोडतो. एका आरशाच्या नाभीत पाठवणारा दांडा, दुसऱ्याच्या नाभीत पकडणाऱ्या तारा. आरसे समोरासमोर ठेवल्यावर १५-१६ मीटरवरही ठिणगी दिसू लागली.

यात एक बारीक युक्ती होती. पकडणारी ठिणगी पाहण्यासाठी डोळा नाभीजवळ न्यावा लागला असता आणि पाहणाऱ्याचे डोकेच लहर अडवून बसले असते. हर्ट्झ यांनी तारा आरशाला भोक पाडून मागे काढल्या आणि ठिणगीची फट मागच्या बाजूला ठेवली. घरच्या डिशचा एलएनबी, म्हणजे पुढच्या दांडीवरचा तो डबा, बरोबर मध्यावर नसून खालच्या बाजूला असतो. त्यामागचा एक हेतू हाच आहे. येणाऱ्या लहरीच्या वाटेत त्याची सावली पडू नये.

आरशाच्या आकाराचा आणि लहरीचा हा हिशेब डिश लावणाऱ्याने लक्षात ठेवण्यासारखा आहे. हर्ट्झ यांच्या आरशाचे तोंड त्यांच्या लहरीच्या दुपटीहून कमी होते. म्हणून त्यांचा झोत पसरट होता, आरसा थोडा इकडेतिकडे झाला तरी ठिणगी टिकायची. घरच्या डिशवर येणारी केयू बँडची लहर साधारण अडीच सेंटीमीटरची. ९० सेंटीमीटरची डिश तिच्या छत्तीसपट. त्यामुळे ती फार बारीक सिग्नलही गोळा करते, पण तिची नजर जेमतेम दोन अंश रुंद असते. एक अंश चुकला की पट्टी खाली येते, दोन अंश चुकले की चित्र गेले. आणि ज्या पाइपवर डिश बसवली आहे तो पाच सेंटीमीटर जाडीचा असेल, तर त्याच्या कडेवर एक अंश म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. हात कुठे आणि किती हलला हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून क्लॅम्प बसवण्याआधी पाइपवर आणि क्लॅम्पवर पेन्सिलने खूण करून घेण्याची जुन्या माणसांची पद्धत शहाणपणाची आहे.

आरसा आडवा केल्यावर काय झाले?

दोन्ही आरसे एकमेकांकडे तोंड करून उभे असताना हर्ट्झ यांनी पकडणारा आरसा जागेवरच आडवा केला. दिशा तीच, अंतर तेच, तरी ठिणगी गायब. पुन्हा उभा केला, ठिणगी परत. मग दोन्ही उभे ठेवून मधे समांतर तारांची चौकट धरली. तारा उभ्या असताना लहर अडायची, आडव्या केल्या की पार व्हायची. लहर एका ठरावीक पातळीत झुलते, याचा हा पुरावा होता. यालाच ध्रुवीकरण म्हणतात, राजकारणातले नव्हे.

उपग्रह हीच गोष्ट कामाला लावतात. एकाच वारंवारतेवर एक सिग्नल उभ्या आणि दुसरा आडव्या पातळीत पाठवतात, त्यामुळे तेवढ्याच जागेत दुप्पट वाहिन्या मावतात. एलएनबीच्या आत बसलेली सूक्ष्म अँटेना त्या पातळीशी जुळली नाही तर डिश कितीही अचूक रोखलेली असली तरी शेजारचा नको असलेला सिग्नल आत शिरतो आणि क्वालिटी पडते. एलएनबी त्याच्या क्लिपमध्ये थोडा फिरवून पाहायला डिशवाला सांगतो, तेव्हा तो हर्ट्झ यांचाच आरसा थोडा आडवा करत असतो.

त्याच हिवाळ्यात त्यांनी ६०० किलोंचा डांबराचा लोलक ओतून घेतला आणि काचेच्या लोलकातून प्रकाश वळतो तशी ही लहरही वळते हे दाखवले. माणूस मधे उभा राहिला तर ठिणगी मरत होती. बंद लाकडी दारातून मात्र लहर पलीकडच्या खोलीत पोहोचत होती. डिशच्या अडीच सेंटीमीटरच्या लहरीला पावसाळ्यात वाढलेली ओली फांदीही पुरते. मार्चमध्ये लावलेली डिश ऑगस्टमध्ये रुसते, त्यात अनेकदा दोष डिशचा नसून समोरच्या झाडाचा असतो.

१३ डिसेंबर १८८८ रोजी हा अहवाल बर्लिनच्या अकादमीसमोर गेला. मॅक्सवेल यांच्या सिद्धांताला आता विरोध उरला नव्हता. हर्ट्झ तेव्हा ३१ वर्षांचे होते.

मोटरची डिश इतकी अवघड का?

हर्ट्झ यांना एकच दिशा जुळवायची होती. साधी घरगुती डिशही एकाच उपग्रहाकडे रोखलेली असते. उदाहरणार्थ, डीडी फ्री डिशचा जीसॅट-१५ हा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. पुण्यातून तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ५९ अंशांवर येतो. मोटरच्या डिशला मात्र पूर्वेकडून पश्चिमेकडे अशा अनेक उपग्रहांवर जायचे असते. हे सगळे उपग्रह विषुववृत्ताच्या वर, जमिनीपासून सुमारे ३५,७८६ किलोमीटरवर एका वर्तुळात आहेत. आपल्याकडून पाहताना ते वर्तुळ दक्षिणेच्या आकाशात कमानीसारखे दिसते. मधे उंच, दोन्ही टोकांना क्षितिजाकडे उतरते.

एकच मोटर डिशला त्या कमानीवरून कशी नेते? तिचा फिरण्याचा आस पृथ्वीच्या आसाला समांतर ठेवला की झाले. त्यासाठी मोटरवरच्या मापावर गावाचा अक्षांश लावायचा : पुण्यासाठी साडेअठरा, मुंबईसाठी एकोणीस, नागपूरसाठी एकवीसच्या आसपास. उपग्रह ताऱ्यांइतके दूर नसल्याने डिशला आणखी थोडे खाली झुकवावे लागते. पुण्यात हा फरक सुमारे तीन अंशांचा. हे झुकणे डिशच्या स्वतःच्या क्लॅम्पवर, मोटरसोबतच्या तक्त्यानुसार साधतात.

पण सगळ्याच्या आधी खांब. तो ओळंब्यात नसेल तर पुढचे एकही माप खरे ठरत नाही. गवंड्याचा ओळंबा दोन बाजूंनी लावून पाहावा, एका बाजूने सरळ दिसणारा खांब दुसऱ्या बाजूने कललेला असू शकतो. नंतर मोटर शून्यावर आणायची आणि डिश दक्षिणेकडे वळवायची. इथे मोबाइलच्या होकायंत्रावर विसंबणारे फसतात, कारण लोखंडी खांब आणि पत्रे सुईला ओढतात. त्यापेक्षा आपल्या रेखांशाच्या जवळचा, म्हणजे जवळजवळ थेट दक्षिणेला असलेला उपग्रह शोधून त्यावर क्वालिटी जास्तीत जास्त आणणे खात्रीचे. रिसीव्हरमध्ये ‘यूसॅल्स’ची सोय असेल तर गावाचे अक्षांश-रेखांश भरले की मोटर किती फिरवायची हे तो स्वतः काढतो. नसेल तर एकेक उपग्रह शोधून त्याची जागा साठवावी लागते.

खरी परीक्षा कमानीच्या दोन टोकांना होते. मधला उपग्रह उत्तम, पण पूर्वेचा आणि पश्चिमेचा क्षीण, ही नेहमीची तक्रार. तिथे पाना लावण्याआधी डिशची कड हाताने अगदी हलकी वर दाबावी, मग खाली, आणि पट्टीकडे पाहावे. दोन्ही टोकांना वर दाबल्यावर, किंवा दोन्हीकडे खाली दाबल्यावर क्वालिटी वाढत असेल तर चूक झुकावाच्या मापात आहे. एका टोकाला वर आणि दुसऱ्या टोकाला खाली दाबावे लागत असेल तर दक्षिण चुकली आहे. पूर्वेकडे डिश खाली पाहत असेल तर अख्खी मोटर खांबावर किंचित पूर्वेकडे वळवायची, पश्चिमेकडे पाहत असेल तर पश्चिमेकडे. आणि एका वेळी एकच नट सैल करायचा. दोन मापे एकदम बदलली की चूक कुठली, हे कोणालाच सांगता येत नाही.

एलएनबीचे या मांडणीत सोपे जाते. मधल्या उपग्रहावर तो सरळ बसवला की डिश कमानीवर सरकताना तो आपोआप योग्य तेवढा कलत जातो.

स्ट्रेंथ की क्वालिटी?

डिश लावताना लोक अनेकदा चुकीच्या पट्टीकडे पाहतात. ‘स्ट्रेंथ’ म्हणजे केबलमधून एकूण किती काही येते आहे. त्यात सिग्नल आहे, एलएनबीचा स्वतःचा गोंगाट आहे, चुकून पकडलेला भलताच उपग्रहही असू शकतो. ‘क्वालिटी’ म्हणजे त्यातले नेमके हवे ते किती स्वच्छ ओळखता आले. डिश भिंतीकडे तोंड करून ठेवली तरी स्ट्रेंथ बऱ्यापैकी दिसू शकते, क्वालिटी मात्र शून्य राहते. म्हणून जुळवणी क्वालिटीवर करावी, आणि पट्टी शिगेला पोहोचली की थोडे पुढे जाऊन परत यावे. दोन्ही बाजूंना कुठे उतार सुरू होतो हे पाहिल्याशिवाय मधला बिंदू सापडत नाही. डिजिटल चित्र एका मर्यादेपर्यंत निर्दोष दिसते आणि मग एकदम तुटते. त्यामुळे स्वच्छ हवेत ‘चालते आहे’ एवढ्यावर थांबलेली डिश पहिल्या मोठ्या सरीत बंद पडते.

हर्ट्झ यांना आपल्या शोधाचा उपयोग दिसला नव्हता का?

त्यांना आपल्या लहरींचा काहीच उपयोग वाटत नव्हता, असे सर्रास सांगितले जाते. हकीकत थोडी वेगळी आहे. १८८९ मध्ये एका अभियंत्याने पत्रातून त्यांना विचारले होते की टेलिफोनसारखा आवाज या लहरींनी पाठवता येईल का. हर्ट्झ यांनी उत्तरात आरशाचाच हिशेब मांडला. आवाजाच्या वारंवारतेची लहर शेकडो किलोमीटर लांब होईल आणि तिला गोळा करायला खंडाएवढा आरसा लागेल. हिशेब अचूक होता. वेगवान लहरीवर आवाज स्वार करून पाठवण्याची युक्ती अजून यायची होती.

१८८९ मध्ये ते बॉन विद्यापीठात रुजू झाले, क्लाउझियुस यांच्या रिकाम्या जागेवर, त्यांच्याच घरात राहायला. १८९० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे रमफर्ड पदक मिळाले. दोन मुली होत्या, योहाना आणि मथिल्डे. पण १८९२ पासून प्रकृतीने दगा दिला. तीव्र डोकेदुखी, नाक-कान-घशाचे दुखणे, एकामागून एक शस्त्रक्रिया. आजचे डॉक्टर या लक्षणांवरून रक्तवाहिन्यांना सूज आणणाऱ्या एका दुर्मीळ विकाराचे नाव घेतात. तेव्हा त्यावर औषध नव्हते. त्या अवस्थेतही ते यंत्रशास्त्राच्या मूलतत्त्वांवर पुस्तक लिहीत होते. १ जानेवारी १८९४ रोजी बॉनमध्ये त्यांचे निधन झाले. ३७ वा वाढदिवस सात आठवड्यांवर होता. पुस्तक त्याच वर्षी प्रसिद्ध झाले, त्याची प्रस्तावना वृद्ध हेल्महोल्ट्झ यांनी लिहिली. तेही त्याच वर्षी गेले.

भारताशी धागा कुठे जुळतो?

हर्ट्झ गेल्यावर त्यांच्या कामाविषयी जे लिहिले-बोलले गेले, त्यातून पुढच्या दोन वाटा फुटल्या. इटलीत विशीतल्या मार्कोनी यांनी त्यातून दूर संदेश पाठवण्याची कल्पना घेतली. कोलकात्यात प्रेसिडेन्सी कॉलेजच्या जगदीशचंद्र बोस यांनी उलटी वाट धरली. हर्ट्झ यांची लहर आखूड झाल्यावर आरसे चालू लागले, तर ती आणखी आखूड का करू नये? बोस यांनी ती पाच मिलिमीटरपर्यंत आणली. सहाशे किलोंच्या लोलकाच्या जागी टेबलावर मावणारी उपकरणे आली. त्यांत लहर गोळा करणारा धातूचा कर्णाही होता. डिशच्या एलएनबीचे झाकण काढले तर आत तसाच छोटा कर्णा दिसतो.

नाव पुसण्याचा प्रयत्न कोणी केला?

जर्मनीत नाझी सत्ता आल्यावर वडिलांचे ज्यू मूळ हर्ट्झ यांना मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी भोवले. हॅम्बुर्गच्या नगरगृहातले त्यांचे चित्र काढून टाकण्यात आले. बॉनमध्ये त्यांचा सहायक असलेला, त्यांचे शेवटचे पुस्तक छापखान्यापर्यंत नेणारा फिलिप लेनार्ड आता नाझींचा कट्टर समर्थक झाला होता. हर्ट्झ यांच्या प्रयोगांचे श्रेय तो आईच्या जर्मन रक्ताला देऊ लागला आणि त्यांच्या सैद्धांतिक लिखाणावर ज्यू वारशाचा शिक्का मारू लागला. ज्या माणसाचे मोठेपण हात आणि गणित एकत्र असण्यात होते, त्याची वाटणी अशी रक्तावर केली गेली.

धाकटी मुलगी मथिल्डे जीवशास्त्रज्ञ होती, प्राण्यांना काय आणि कसे दिसते यावर तिचे काम होते. तिची विद्यापीठात शिकवण्याची परवानगी काढून घेण्यात आली. १९३०च्या दशकात ती इंग्लंडमध्ये केंब्रिजला गेली, आई आणि बहीणही तिथे पोहोचल्या. दोन्ही मुलींनी लग्न केले नाही, त्यामुळे हर्ट्झ यांचा थेट वंश पुढे चालला नाही.

‘सेकंदाला एक आवर्तन’ या मापाला हर्ट्झ यांचे नाव १९६० मध्ये आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीत अधिकृतपणे मिळाले. त्याआधी रेडिओच्या तबकडीवर ‘सायकल’ लिहीत. हॅम्बुर्गच्या नगरगृहात त्यांचे चित्र परत आले. शहराचा टीव्ही मनोरा १९६८ मध्ये उभा राहिला, उंची सुमारे २७९ मीटर. त्याचे नाव हाइनरिश हर्ट्झ मनोरा आहे.